दोन डोक्यांचा रेणू आणि एकपदरी पापुद्रा

वाचकहो, घराला भिंत असते, शेताला बांध असतो, गावाला वेस असते आणि राज्याला सरहद्द असते. आतले कोण आणि बाहेरचे कोण हे ठरल्यावाचून घर उभे राहत नाही आणि राज्यही उभे राहत नाही. सजीवांची गोष्ट याहून निराळी नाही. आपल्या देहातली प्रत्येक पेशी म्हणजे एक लहानसे संस्थानच म्हणा ना! त्या संस्थानाभोवती एक पापुद्रा असतो. तो इतका पातळ, की असे सुमारे दोन लाख पापुद्रे एकावर एक रचावेत तेव्हा कुठे एक मिलिमीटर जाडी भरेल. पण हा पापुद्रा फाटला की संस्थान बुडाले.

या पापुद्र्याची रचना माणसाला कशी कळली, तो सर्वत्र दुपदरीच असतो असा सिद्धान्त कसा रूढ झाला, आणि आम्लाच्या कढत डबक्यांत राहणाऱ्या जीवांनी त्या सिद्धान्ताला धक्का कसा दिला, हे आज पाहावयाचे आहे. मी इतिहासाचा अध्यापक. रसायनशाळेत माझे पाऊल क्वचितच पडते. तरीही हा विषय मी निवडला, कारण ही गोष्ट मुळात पुराव्याची आहे. पुरावा कुठून गोळा केला यावर निष्कर्ष किती अवलंबून असतो, हे ती फार स्वच्छ दाखवून देते.

गोष्टीचा आरंभ तेलाच्या एका चमच्यापासून होतो. बेंजामिन फ्रँकलिन हे नाव आपण अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात वाचतो. हे गृहस्थ लंडनमध्ये असताना क्लॅपहॅम येथील तळ्यावर गेले आणि वाऱ्याने हिंदकळणाऱ्या पाण्यावर त्यांनी चमचाभर तेल ओतले. पाहता पाहता ते तेल पसरत गेले आणि तळ्याचा सुमारे अर्धा एकर भाग आरशासारखा शांत झाला. ही हकीकत १७७४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. चमचाभर तेल अर्ध्या एकरावर पसरते, तेव्हा त्याचा थर किती पातळ होत असेल, हा हिशेब मात्र फ्रँकलिनने केला नाही. तो व्हायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

पुढचे पाऊल पडले ते स्वयंपाकघरात. जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पोकेल्स नावाची एक तरुणी आजारी आईवडिलांची सेवा करीत घर सांभाळीत होती. तिथल्या विद्यापीठांचे दरवाजे तेव्हा स्त्रियांना बंद होते. धाकटा भाऊ पदार्थविज्ञान शिकत होता, त्याच्याकडून पुस्तके मिळत, तेवढाच काय तो आधार. भांडी घासताना पाण्यावर जमणारा तेलकट तवंग तिने पाहिला आणि त्यावर विचार केला. पत्र्याचे एक पन्हळ घेतले, त्यावर सरकती पट्टी बसवली, आणि तवंगाला एका बाजूने दाबत नेले की पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कसा बदलतो, हे ती मोजू लागली. १८९१ च्या जानेवारीत तिने इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांना पत्र लिहून आपले प्रयोग कळवले. रॅले मोठे शास्त्रज्ञ खरे, पण मनानेही मोठे. त्यांनी ते पत्र 'नेचर' या साप्ताहिकात छापण्याची शिफारस केली आणि ते त्याच वर्षी छापले गेले. या शास्त्रातले एक मूळ उपकरण असे घरच्या मोरीपाशी जन्माला आले.

तेच उपकरण सुधारून अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ साली त्या तवंगाचे कोडे उलगडले. ते असे : स्निग्ध पदार्थाच्या अशा रेणूच्या एका टोकाचे पाण्याशी सख्य असते, आणि दुसऱ्या टोकाला पाण्याचे वावडे असते. पहिल्या टोकाला आपण डोके म्हणू आणि दुसऱ्याला शेपटी. पाण्यावर असे रेणू टाकले की सगळे डोके पाण्यात खुपसून आणि शेपटी हवेत ठेवून, यात्रेतल्या गर्दीसारखे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. थर होतो तो फक्त एका रेणूच्या उंचीचा. पृष्ठभागावरच्या या संशोधनासाठी लँगम्यूर यांना १९३२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पेशीकडे वळू. हॉलंडमधील लायडन येथे एव्हर्ट गॉर्टर हे बालरोगांचे वैद्य होते. त्यांनी आणि फ्रान्स्वा ग्रेंडेल या सहकाऱ्याने एक सोपी युक्ती योजली. रक्तातल्या ठरावीक संख्येच्या तांबड्या पेशी घ्यायच्या, त्यांतला सगळा स्निग्धांश वेगळा काढायचा, तो लँगम्यूरच्या पन्हळात पाण्यावर पसरायचा आणि किती जागा व्यापतो ते मोजायचे. माणूस, कुत्रा, ससा, शेळी, मेंढी अशा निरनिराळ्या प्राण्यांचे रक्त त्यांनी घेतले. दर वेळी तवंगाने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरली. अर्थ उघड होता. पेशीभोवतीचा पापुद्रा दोन पदरांचा आहे. बाहेरच्या पदरातील रेणूंची डोकी बाहेरच्या पाण्याकडे, आतल्या पदरातील रेणूंची डोकी आतल्या पाण्याकडे, आणि दोन्हींच्या शेपट्या मध्ये एकमेकींना टेकलेल्या. हा निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला.

यात एक मोठी गंमत आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती अवश्य ध्यानात ठेवावी. त्या दोघांच्या मोजणीत दोन चुका होत्या. स्निग्धांश काढण्यासाठी त्यांनी वापरलेल्या ॲसिटोनमध्ये तो पुरता उतरत नव्हता, म्हणून तवंग कमी भरला. उलट, वाळवलेल्या पेशी मोजल्यामुळे पेशींचा पृष्ठभागही कमी भरला. दोन्ही चुका एकमेकींना कापून गेल्या आणि उत्तर बरोबर आले! १९६६ साली काळजीपूर्वक फेरतपासणी झाली तेव्हा हे उघडकीस आले.

दरम्यान इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. त्याखाली मज्जातंतूंचे आवरण तपासताना जे. डेव्हिड रॉबर्टसन यांना पापुद्रा तीन रेघांचा दिसला : एक काळी, मध्ये उजळ, पुन्हा एक काळी. इतर पेशींतही तेच दिसू लागले. १९५९ साली त्यांनी प्रतिपादन केले की सर्व पेशींच्या सर्व पापुद्र्यांचा मूळ घाट एकच आहे. पुढे १९६६ साली डॅनिएल ब्रँटन यांनी आणखी एक पुरावा पुढे केला. पेशी गोठवून फोडली तर पापुद्रा मधोमध उलगडतो, असे त्यांनी दाखवले. तव्यावर फुगलेल्या भाकरीचे दोन पदर जसे अलगद सुटे होतात ना, तसे. दोन शेपट्यांच्या मधली जागा हीच पापुद्र्याची कच्ची बाजू, आणि तो तिथेच सुटतो. पाठ्यपुस्तकांत दुपदरी पापुद्रा हा जीवसृष्टीचा सार्वत्रिक नियम म्हणून स्थिर झाला.

वाचकहो, इथे क्षणभर थांबू या. हा नियम खोटा होता का? मुळीच नाही. तुमच्या आमच्या पेशींना, झाडांच्या पेशींना, दुधाचे दही करणाऱ्या जीवाणूंना तो आजही लागू आहे. पण पुरावा कुठला होता? रक्ताचा, मज्जातंतूंचा, प्रयोगशाळेत सुखाने वाढणाऱ्या जीवांचा. जे दफ्तर हाताशी असेल त्यावरूनच आपण इतिहास लिहितो. पुण्याचे दफ्तर मोठे, म्हणून केवळ त्यावरून मराठेशाहीचा इतिहास लिहिला तर तंजावरच्या मराठ्यांनी कुठे जावे? दफ्तर खोटे नसते. ते सगळ्यांचे नसते, इतकेच.

पहिली शंका उत्पन्न झाली ती मिठात. मिठागरात पाणी आटत आले की त्याला कधी कधी तांबूस झाक येते. तीव्र खारात सुखाने राहणारे काही सूक्ष्मजीव तिच्या कारणांपैकी एक असतात. कॅनडात ओटावा येथे मॉरिस केट्स आणि त्यांचे सहकारी अशा जीवांतला स्निग्धांश तपासत होते. १९६२ साली त्यांना आढळले की इथला रेणूचा सांधाच निराळा आहे. आपल्या पेशींतल्या रेणूंत डोके आणि शेपटी ज्या सांध्याने जोडलेली असते त्याला एस्टर म्हणतात. कॉस्टिकमध्ये तेल उकळून साबण करतात, तेव्हा हाच सांधा तुटतो. मीठप्रिय जीवांच्या रेणूंत मात्र ईथर नावाचा सांधा होता. तो कॉस्टिकलाही दाद देत नाही आणि आम्लालाही सहजी दाद देत नाही. शेपट्याही निराळ्याच : २० कार्बनांच्या, आणि ठिकठिकाणी लहान फांद्या फुटलेल्या. त्या काळी ही एक रासायनिक विचित्रता म्हणून नोंदली गेली. पापुद्रा मात्र इथेही दुपदरीच होता.

खरा धक्का आगीच्या बाजूने आला. इंडियाना विद्यापीठातील टॉमस ब्रॉक हे अमेरिकेच्या यलोस्टोन अरण्यातील उष्णोदकाच्या झऱ्यांवर १९६० नंतरच्या दशकात काम करू लागले. इतक्या कढत पाण्यात कोण जगणार, असा समज असताना त्यांना तिथे भरगच्च वस्ती सापडली. १९७० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आणखी चमत्कारिक जीव प्रसिद्धीस आणला. तो झऱ्यात मिळाला नव्हता, तर इंडियाना राज्यातील कोळशाच्या खाणीबाहेर टाकलेल्या कचऱ्याच्या ढिगात मिळाला होता. असा ढीग आतल्या आत धुमसत असतो आणि त्यात गंधकाम्ल तयार होते. त्यात ५९ अंश सेंटिग्रेडला हा जीव मजेत वाढत होता. नाव ठेवले थर्मोप्लाझ्मा. पुढे १९७२ साली ब्रॉक यांनी गंधकयुक्त झऱ्यांतला सल्फोलोबस हा दुसरा जीव वर्णिला. तो ७० अंशांच्या वरच्या, लिंबाच्या रसासारख्या आंबट पाण्यात राहणारा.

थर्मोप्लाझ्माची अडचण नीट समजून घ्या. बहुतेक जीवाणूंना पापुद्र्याच्या बाहेर एक कडक तटबंदी असते. याला ती नाही. बाहेर कढत आम्ल, आत नाजूक जीवद्रव्य, आणि मध्ये फक्त तो पापुद्रा! सल्फोलोबसच्या आतले पाणी जवळजवळ उदासीन असते. म्हणजे आत आणि बाहेर यांच्या आंबटपणात हजारो पटींचा फरक. उष्णतेने रेणू थरथरतात, दुपदरी पापुद्रा सैल होतो आणि आम्लाचे कण आत झिरपू लागतात. मग हे जीव तग कसा धरतात?

उत्तर दोन ठिकाणांहून आले. अमेरिकेत साउथ डाकोटा विद्यापीठातील टॉमस लँगवर्दी हे १९७२ पासून थर्मोप्लाझ्माचा स्निग्धांश तपासत होते. इटलीत नेपल्सजवळ मारिओ दे रोसा, अगाता गांबाकोर्ता आणि त्यांचे सहकारी तिथल्या ज्वालामुखीच्या प्रदेशातील झऱ्यांतून मिळवलेल्या, सल्फोलोबसशी नाते असलेल्या जीवांवर काम करीत होते. १९७७ च्या सुमारास चित्र स्पष्ट झाले. या जीवांच्या रेणूला दोन डोकी होती! २० कार्बनांच्या शेपट्या असलेले दोन रेणू शेपटीला शेपटी सांधून एक करावेत, म्हणजे ४० कार्बनांच्या दोन लांब साखळ्या होतात, तसा हा रेणू. आपल्याकडे देवाला पाणी घालायला कावड नेतात ती आठवा. मध्ये दांडी आणि दोन्ही टोकांना एकेक घागर. एक घागर पेशीच्या बाहेरच्या पाण्याला लागलेली, दुसरी आतल्या पाण्याला, आणि दांडी पापुद्र्याच्या आरपार गेलेली.

म्हणजे इथे दोन पदर राहिलेच नाहीत. एकच रेणू इकडून तिकडे पोचतो. पापुद्रा एकपदरी! आणि म्हणूनच गोठवून फोडला तरी तो दुपदरी पापुद्र्यासारखा मधोमध उलगडत नाही. ज्या भाकरीला पदरच सुटले नाहीत ती उकलणार कुठून? मधली कच्ची बाजू गेली, तसा पापुद्रा ताठ झाला आणि आम्लाचे कण आत शिरण्याची वाट आवळली गेली. सांधे ईथरचे, तेव्हा आम्लाने ते तुटण्याचीही भीती नाही. नेपल्सच्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. या साखळ्यांत पाच कार्बनांची लहान लहान कडी गुंफलेली असतात, आणि पाणी जितके अधिक गरम तितकी कड्यांची संख्या अधिक. कडी वाढली की रेणू अधिक दाटीने बसतात. जीव आपल्या भिंतीची वीण ऋतुमानाप्रमाणे घट्ट करतो म्हणा ना!

आता ही निव्वळ रसायनाची गोष्ट राहिली नाही. १९७७ सालीच इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी एक धाडसी विधान केले. पेशीत प्रथिने घडवणारी जी यंत्रणा असते तिच्यातल्या आरएनएची अक्षरे ताडून पाहता, मिथेन वायू निर्माण करणारे काही जीव हे जीवाणूंचे भाऊबंद नाहीतच. सजीवांचे ते तिसरे घराणे आहे. ३ नोव्हेंबर १९७७ रोजी ही बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर झळकली, आणि टीकेचे मोहोळ उठले. वूज यांचे सहकारी राल्फ वूल्फ यांनी पुढे आठवणीत लिहून ठेवले आहे की, नोबेल विजेते साल्वादोर लुरिया यांनी त्यांना फोन करून या खुळापासून दूर राहा, नाहीतर तुमची कारकीर्द बुडेल, असे बजावले.

पण न्यायाधीशाला हवा असतो तसा दुसरा स्वतंत्र साक्षीदार इथे तयार होता. मीठप्रिय जीव, थर्मोप्लाझ्मा आणि सल्फोलोबस यांचा आरएनए त्याच घराण्याकडे बोट दाखवू लागला. हे सगळे तर ईथरच्या सांध्याचे मानकरी! मग १९७९ साली टोर्नाबेने आणि लँगवर्दी यांनी मिथेनवाल्या जीवांचा स्निग्धांश तपासला, तर त्यांतही तेच ईथरचे सांधे, आणि काहींत तर दोन डोक्यांचे रेणूही. खारट, आंबट, कढत, कुजकट अशा चार दिशांना राहणारे हे जीव दिसायला एकमेकांपासून दूर. पण पापुद्र्याने त्यांचे कूळ सांगितले. १९९० साली वूज यांनी सजीवांची तीन घराणी मांडली आणि तिसऱ्याचे नाव आर्किया असे रूढ झाले. २००३ साली त्यांना स्वीडनचे क्राफोर्ड पारितोषिक मिळाले. ज्यांनी हयातभर टीका सोसली, त्यांना निदान एवढे पाहायला मिळाले.

या रेणूंच्या जातीचे नावही मोठे बोलके आहे. दक्षिण अमेरिकेतील गुराखी दोरीच्या टोकांना जड गोळे बांधून ती गरगरवून पळत्या जनावराच्या पायांत फेकतात. त्या हत्याराला बोला म्हणतात. दोन्ही टोकांना विद्युत्भार असलेल्या रेणूंना रसायनज्ञांनी १९५१ सालीच बोलासारखे म्हटले होते. पुढे बर्लिनचे युर्गेन-हिनरिश फूरहॉप यांनी १९८० नंतर असे दोन डोक्यांचे रेणू प्रयोगशाळेत घडवून त्यांच्या एकपदरी पापुद्र्यांच्या सूक्ष्म पिशव्या बनवल्या. निसर्गाने कढत आम्लात केलेली युक्ती माणसाने चंचुपात्रात उचलली.

आता गोष्टीचा शेवटचा भाग, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. १९८० च्या दशकात पुष्कळांची समजूत अशी होती की आर्किया म्हणजे विक्षिप्त जागी राहणारे विक्षिप्त जीव. नियम दुपदरीच, हा केवळ अपवाद. पण १९९२ साली एडवर्ड डिलाँग आणि जेड फुरमन यांच्या गटांना निरनिराळ्या शोधांत साध्या, थंड समुद्राच्या पाण्यात आर्कियांच्या खुणा सापडल्या. २००१ साली हवाईजवळच्या खोल समुद्रातील मोजणीवरून असा अंदाज निघाला की महासागरांतील सूक्ष्मजीवांपैकी सुमारे पाचवा हिस्सा या मंडळींचा आहे. थंड पाण्यातल्या या जीवांचे रेणूही दोन डोक्यांचेच! २००२ साली डच संशोधकांनी अरबी समुद्रातल्या पाण्यात खोलीनुसार या रेणूंची मोजदाद प्रसिद्ध केली. रत्नागिरीच्या धक्क्यावर उभे राहून आपण जे पाणी पाहतो, त्याच समुद्राची ही हकीकत आहे, हे विसरू नका.

त्याच वर्षी त्या रेणूंचा एक अनपेक्षित उपयोगही पुढे आला. कड्यांची संख्या पाण्याच्या उष्णतेप्रमाणे बदलते, हे आपण पाहिलेच. जीव मरतो, तळाशी जातो, पण हा चिवट रेणू गाळात लक्षावधी वर्षे टिकून राहतो. तेव्हा गाळातल्या रेणूंची कडी मोजली की त्या काळी समुद्र किती गरम होता याचा अंदाज बांधता येतो. समुद्राने आपला रोजनिशीचा कागदच जपून ठेवला होता. तो वाचणारे मात्र २००२ साली आले. आणि दोन रेणूंच्या शेपट्या एकमेकींना सांधणारे प्रथिन कोणते, हे कोडे सुटायला तर २०२२ साल उजाडावे लागले.

तेव्हा तात्पर्य काय? १९२५ चा निबंध चुकीचा नव्हता, १९५९ च्या रेघाही खऱ्या होत्या. खटकतो तो फक्त एक लहानसा शब्द : 'सर्व'. पाहिले काही, आणि लिहिले सर्व. हा शब्द लेखणीतून फार सहज उतरतो. इतिहास लिहिणाऱ्यांच्या उतरतो आणि शास्त्र लिहिणाऱ्यांच्याही उतरतो. त्याला आवर घालणारे लोक बहुधा राजरस्त्यावर सापडत नाहीत. कोणी स्वयंपाकघरात पत्र्याचे पन्हळ घेऊन बसलेले असते, कोणी खाणीच्या धुमसत्या कचऱ्यात नमुने गोळा करीत असते, तर कोणी प्रतिष्ठितांचे फोन येऊनही आपली अक्षरे पुन्हा एकदा ताडून पाहत असते. पुढच्या वेळी एखाद्या पुस्तकात 'सर्व' हा शब्द दिसला, तर वाचकहो, एवढेच विचारा : यांनी कोणकोणते दफ्तर उघडून पाहिले आहे, आणि कोणते अजून बांधलेलेच आहे?